म्यूझस्कोअर ४ मध्ये संबळ: काही महिने वापरल्यानंतर

म्यूझस्कोअर म्हणजे संगणकावर संगीत लिहायचं फुकट सॉफ्टवेअर. ते कुठून उतरवायचं, खरंच फुकट आहे का, हे इथे सांगत बसत नाही. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहिणाऱ्या निम्म्या लोकांकडे ते असतंच. त्याच्या यादीत नसलेलं वाद्य त्यात घालायला गेलं की काय होतं, एवढंच सांगतो. आमच्या गटात दोन व्हायोलिन, एक चेलो, पेटी, आणि त्यांच्यासमोर संबळ, हलगी, तुणतुणं. पहिल्या चौघांची यादीत सोय आहे. उरलेल्या तिघांचा पत्ता नाही.

आधी मी वर्षाची वर्गणी भरून दुसरं एक सॉफ्टवेअर वापरायचो. नाव घेत नाही, जाहिरात नको आणि भांडणही नको. संबळ कसा घालायचा म्हणून त्यांच्या मदत कक्षाला विचारलं, तर उत्तर आलं: बोंगो घ्या आणि नाव बदला. मी परत लिहिलं, की बोंगो हाताने वाजतो, संबळ काड्यांनी. एक भांडं चढं, एक खर्जाचं. आणि एका काडीचं टोक मुद्दाम वाकवलेलं असतं, ते उगाच नाही. त्यावर काही न बोलता त्यांनी तक्रार 'निकाली' करून टाकली. वर्गणीची तारीख उलटली तसं माझ्याच फायलींत मला काही बदलता येईना. पैसे मी भरलेले, स्वर मी लिहिलेले, आणि कुलूप त्यांचं. नोट्स एक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फायलीत, काढून घेतल्या आणि इकडे आलो.

आता गंमत अशी, की म्यूझस्कोअरही पोटातून त्याच बोंगोवर उभा आहे. दोष त्याचा नाही. संगणकावरच्या वाद्यांच्या आवाजांना क्रमांक देणारी जनरल मिडी नावाची यादी १९९१ साली ठरली, तिच्यात १२८ आवाज आहेत. त्यात १०५ वर सतार, ११२ वर शहनाई. सुंदरी, म्हणजे शहनाईची धाकटी बहीण, वाजवणारा असेल तर शहनाईच्या मांडीवर बसवता येतो. तालवाद्यांना ३५ ते ८१ अशा क्रमांकांच्या पट्ट्या दिल्यात, एका पट्टीवर एक ठोका, त्यातल्या ६० आणि ६१ वर बोंगो, ६५-६६ वर टिंबाले. संबळाला त्यातल्या त्यात टिंबाले जवळचा, निदान काडीचा आवाज तरी येतो. पण इथे 'बोंगो घ्या' या उत्तरापाशी थांबावं लागत नाही. पुढची वाट मोकळी आहे, फक्त चालायचं तुम्ही.

नाव आणि रेघांचं काम अगदी सोपं. स्वर नसलेलं कुठलंही तालवाद्य घ्यायचं, डावीकडच्या नावावर दोनदा क्लिक करून नाव बदलायचं. मग ड्रमसेट संपादनात जाऊन प्रत्येक बोलाला एक पट्टी, एक रेघ, स्वरचिन्हाचं डोकं आणि दांडीची दिशा ठरवायची. चढ्या भांड्याच्या दांड्या वर, खर्जाच्या खाली. दाबलेल्या थापेला फुली, कडेच्या ठोक्याला त्रिकोण. झालेला संच डॉट डीआरएम फायलीत जतन करून दुसऱ्या स्कोअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या रचनेच्या फायलीत, उघडता येतो. एका संध्याकाळी उरकलं. चहा दोनदा झाला, एवढंच.

डोकं फिरलं ते शॉर्टकटवरून. प्रत्येक बोलाला की-बोर्डवरचं एक अक्षर देता येतं, पण ते फक्त ए ते जी. सातच! पाश्चात्त्य स्वरांची नावं सात, म्हणून तालवाद्यालाही सात. ड्रमसेटवाल्याचं भागत असेल. संबळाचं मोकळा, दाबलेला, कडेचा, दोन्ही भांडी एकदम, हे प्रत्येक हाताचे धरले की तिथेच सातच्या पुढे जातं. बाकीचे बोल माऊसने वेचून टाकायचे. जलद सहा मात्रांच्या ठेक्यात माऊसने बोल टाकणं म्हणजे चिमट्याने तांदूळ निवडणं. लोक विचारतात, एवढ्याशा गोष्टीवर इतका राग कशाला? कारण पान लिहायला लागणारा अर्धा वेळ तिथे जातो. महिनोन्महिने जातो.

त्यात आवाजाच्या कामामुळे भर पडली. आमच्या संबळवाल्या मामांना घरी बोलावलं, पंखे बंद केले, खाली गोधडी अंथरली आणि एकेक ठोका रेकॉर्ड केला. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून पॉलिफोन या फुकटच्या साधनात साउंडफाँट, म्हणजे वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांची एक फाईल, बनवला. तालवाद्याचा संच त्या फायलीतल्या बँक १२८ या कप्प्यात ठेवायचा, नाहीतर म्यूझस्कोअर त्याला तालवाद्य म्हणून ओळखत नाही. फाईल साउंडफाँटच्या फोल्डरमध्ये टाकली की मिक्सरमध्ये निवडता येते. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मामा म्हणाले, "आवाज माझाच आहे, पण हात मशीनचा आहे." बरोबर होतं. एकच ठोका प्रत्येक वेळी हुबेहूब वाजला की कान ओळखतोच. एसएफझेड या नमुन्यांच्या दुसऱ्या फाईल-प्रकारात आळीपाळीने वेगळे नमुने वाजवायची सोय आहे, साउंडफाँटमध्ये नाही. आणि आवृत्ती ३ मध्ये एसएफझेड सरळ उघडायची, ४ मध्ये ती सोय काढली. आता व्हीएसटी३, म्हणजे बाहेरून जोडायच्या आवाजाच्या प्लगइनचा, वळसा घ्यावा लागतो. तो वळसा मी घेतला नाही, कारण माझ्या लॅपटॉपला तेवढा दम नाही आणि नवा घ्यायची माझी तयारी नाही.

म्हणून देशी उपाय केला. मोकळ्या ठोक्याचे तीन नमुने तीन वेगळ्या पट्ट्यांवर ठेवले, पण तिघांची रेघ एकच, डोकं एकच. कागदावर एकच चिन्ह दिसतं, वाजताना बदलत जातं. कान खूश झाला. पण एका बोलाने आता तीन शॉर्टकट खाल्ले. सातात!

इथवर लिहून ठेवलं होतं आणि गुण पाचपैकी अडीच दिले होते. मग ४.५ आलं, २०२५ सालचं, आणि त्यात तालवाद्यांचं पॅनेल नव्याने बांधलेलं. ठोक्यांचे चौकोन हवे तसे मांडता येतात आणि प्रत्येकाला आपल्या पसंतीची कळ देता येते. मी चढं भांडं उजव्या हाताखालच्या कळांवर आणि खर्ज डाव्या हाताखाली ठेवला. आता लिहिताना बोटं जवळपास वाजवल्यासारखी चालतात. अडीच खोडले, चार केले. वरचा राग तरी खोडत नाही. फुकट वस्तूवर रागावण्याचा हक्क नसतो असं मला वाटत नाही, आमचा वेळ फुकट नसतो.

सगळ्यात जास्त आनंद मात्र टेम्प्लेटने दिला, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. यादीत वाद्य घालायचं म्हणून लोक एक्सएमएल फायली उघडून बसतात. मीही तो पसारा पाहिला. काही गरज नाही. संबळ, हलगी, तुणतुणं असलेला एक रिकामा स्कोअर नीट लावायचा आणि टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये जतन करायचा. नवा स्कोअर सुरू करताना तो यादीत दिसतो. रेघा, डोकी, नावं, सगळं जागच्या जागी.

देवनागरीचं थोडक्यात. एडविन या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे संगणकाला जो सापडेल तो फाँट लागतो आणि दोन मशीनवर दोन रूपं दिसतात. वाद्यनाम आणि गीताच्या ओळी यांच्या मजकूर-शैलीत एकदाच मुक्ता हा देवनागरी फाँट लावून टाका. बोल गीताच्या ओळीत लिहिले तर मामांनाही वाचता येतात.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की संबळवाला स्टाफ वाचत नाही, तर लिहायचा कशाला? त्याच्यासाठी नाहीच लिहायचा. चेलोवालीला कळायला हवं की खर्जाचा ठोका नेमका कुठे पडतो आणि तिने कुठे गप्प बसायचं. आमच्याकडे पहिल्या तालमीत तिचे खालचे स्वर आणि संबळाचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकत होते. तिच्या पानावर संबळाची एक बारीक ओळ छापली, पुढच्या तालमीला प्रश्न मिटला. मामांना काहीच सांगावं लागलं नाही, आणि सांगण्याची आमची टापही नव्हती.

ठेक्याचा झोल, म्हणजे वाजवताना ठोके किंचित मागेपुढे झुलणं, मात्र कागदावर येत नाही. ६/८ मध्ये सरळ लिहिलं तर प्लेबॅक शाळेच्या कवायतीसारखा वाजतो. स्विंगची, म्हणजे जोडीतला पहिला स्वर लांबवून दुसरा आखडायची, सोय आहे, मूळ आकडा ६० टक्के. मी थोडा खाली आणला तेव्हा बरं वाटायला लागलं, पण मामा एकाच कडव्यात झोल कमी-जास्त करतात, त्याला टक्केवारी कुठून आणणार? तुणतुण्याला तर मी हात जोडलेत. एक लांब स्वर लिहितो आणि प्लेबॅकमध्ये मुका ठेवतो.

व्हायोलिनचे म्यूझ साउंड्स, म्हणजे म्यूझस्कोअरवाल्यांचेच वेगळे उतरवायचे आवाज, मात्र फुकटात मिळणाऱ्या गोष्टींत पहिल्या पंक्तीचे आहेत. डाऊनलोड जड आहे, मोबाईल डेटावर करू नका.

घ्यायचं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साउंडफाँट स्कोअरच्या फायलीत जात नाही. ज्याला स्कोअर पाठवाल त्याला तो वेगळा पाठवा आणि कुठे ठेवायचा तेही सांगा, नाहीतर सरळ एमपी३ पाठवा. आणि गटात कोणी अजून ३ वर असेल तर ४ मधली फाईल त्याच्याकडे उघडणार नाही. आमचा एक व्हायोलिनवाला जुन्या लॅपटॉपमुळे तिथेच आहे. त्याला मी पीडीएफ देतो, त्याची काही तक्रार नाही. हलगीचे नमुने घ्यायचे अजून बाकी आहेत. जाड आणि बारीक, दोन्ही काड्यांचे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले कोणाकडे असतील तर कळवा, बदल्यात संबळाचा साउंडफाँट देईन.