उद्यमनगरात हेड फेसिंग: काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

मारुती ८०० चं हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, फेसिंगला (खालची बाजू मशीनवर सपाट करून घ्यायला) द्यायचं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या वर्क्सला माझ्याकडून पाचपैकी चार. मापं घेण्यात आणि मशीनवरच्या कामात पूर्ण मार्क. कापलेला एक मार्क कशाचा, ते पुढं येईलच.

माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन ब्रेक, दोन क्लच असलेली ८०० आणि तिच्यावर रोज नवा हात. पहिल्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन, अर्धवट दाबलेला क्लच, चढावर बंद पडणं, हे सगळं ती वर्षानुवर्षं सोसते आहे. कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत ही गाडी बनवणं थांबवलं, पण शिकवायला इतकी हलकी आणि समजूतदार गाडी मला तरी दुसरी मिळालेली नाही. म्हणून इंजिन दमलं तेव्हा गाडी न विकता इंजिन बांधून घ्यायचं ठरवलं.

निमित्त झालं जोतिबाच्या चढाचं. हिल स्टार्ट शिकवायला आम्ही तिकडं नेतो. त्या दिवशी रेडिएटर फॅनचा स्विच गेला होता. शिकणाऱ्या बाईंचं सगळं लक्ष हँडब्रेकवर, इन्स्ट्रक्टरचं त्यांच्या पायांवर, आणि काटा कधी लाल पट्टीत गेला ते कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ऑइल कॅपच्या आतून दुधाळ चहासारखा थर. हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट गेलं, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. ऑइल तशीही गाडी बरेच महिने खात होती, त्यामुळे पूर्ण इंजिनच उतरवलं. ब्लॉकला बोअरिंग (झिजलेले सिलिंडर किंचित मोठे कापणं), ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा. हे काम कुठंही ठीक होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. प्रश्न हेडचा असतो.

हेड खोललं त्या गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं, "मॅडम, हेडला काय झालेलं न्हाई. काचेवर एमरी पेपर टाकून घासतो, नवीन गॅस्केट टाकतो, विषय संपला." माप कुणी घेतलं होतं? कुणीच नाही. हातानं घासताना दाब कडेला जास्त पडतो, कडा गोलावतात आणि मधला खड्डा आहे तिथंच राहतो. वरून चकचकीत दिसतं खरं. पण गॅस्केटला चकाकी नको असते, सपाटी हवी असते.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ८०० चा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, पण बोल्टांनी जखडलेलं असल्यानं त्याला पसरायला जागा नसते. प्रमाणाबाहेर तापलं की ते वाकतं आणि थंड झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही. मग नवीन गॅस्केट कितीही भारी आणा, त्या फटीतून गॅस पाण्यात आणि पाणी ऑइलमध्ये जातच राहणार.

तर हेड घेऊन उद्यमनगर. गल्ली अरुंद, दारात ट्रॅक्टरच्या इंजिनांचे ब्लॉक रचलेले, बसायला उलटा ठेवलेला क्रेट. मी बोलत होते आणि मिस्त्री उत्तरं माझ्याबरोबर आलेल्या पोराला देत होते. तो पोरगा माझ्याकडं नुकताच क्लच सोडायला शिकला होता. ते हेड माझं, पैसे माझे आणि प्रश्नही माझेच आहेत हे सांगितल्यावर मात्र सूर बदलला. "बरं ताई, असं हुबं ऱ्हावा इथं, उजेडात." आणि तिथून पुढं त्यांनी जे दाखवलं त्यासाठी हा रिव्ह्यू.

आधी जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे काढले, तेही लाकडी पट्टीनं आणि सॉल्व्हंटनं. अॅल्युमिनियमवर पोलादी खरवडणी चालवली की ओरखडे पडतात. मग जाड स्टीलची सरळपट्टी हेडवर उभी धरून खाली फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पानं सरकवून पाहिली. लांबीत दोनदा, रुंदीत दोनदा, दोन्ही कर्णांत एकेकदा. चालतं ते ०.०५ मिलिमीटर, जुन्या माणसांच्या मापात दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग. आमच्या हेडमध्ये एका कर्णावर ०.१० चं पान सहज आत गेलं. पान त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच सरकवून बघा." एवढ्यावरच मी त्यांना हेड देऊन टाकलं असतं.

पण फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट. वाकलेलं हेड सरळ करता येतं, तडकलेल्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद केल्या, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आत हवा सोडली. वॉल्व्ह जिथं टेकतात त्या दोन सीटांच्या मधला अरुंद भाग तडकायची ठरलेली जागा, तिथं ते बराच वेळ डोळा लावून होते. बुडबुडा आला नाही. थंड पाण्यात केलेली टेस्ट अर्धवट असते, कारण काही तडे हेड गरम झाल्यावरच तोंड उघडतात. तुमच्याकडं करतील तेव्हा पाणी गरम आहे का, एवढं विचाराच.

दुसरी गोष्ट त्यांनी आपणहून केली. वॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, हेडमध्ये सरकवून हातानं फिरवला. या इंजिनात कॅम हेडमध्येच असतो, त्यामुळे हेड वाकलं की कॅमच्या बेअरिंगांची रांगही वाकू शकते. खालची बाजू सपाट केली तरी वरची वाकडीच राहणार, आणि कॅम आवळून फिरणार. आमचा सैल, एकसारखा फिरला. अडकला असता तर नुसत्या फेसिंगचा उपयोग नव्हता.

मशीन मिलिंगचं, फ्लाय कटर लावलेलं. ट्रॅक्टरच्या बिडाच्या हेडांसाठी ग्राइंडर वेगळा आहे. अॅल्युमिनियम ग्राइंडरच्या दगडात भरतं आणि मग दगड कापायच्या ऐवजी घासत सुटतो, म्हणून त्यांच्याकडं ते मिलिंगवरच घेतात. टेबलवर हेड बसवून डायल गेज फिरवण्यात जितका वेळ गेला, त्याच्या निम्मासुद्धा कापण्यात गेला नसेल. पृष्ठभागावर मार्करनं आडव्यातिडव्या रेषा मारल्या. पहिल्या हलक्या कटात दोन्ही टोकांची शाई गेली, मधली तशीच. दुसऱ्यात मधे बेटं उरली. तिसऱ्या कटात सगळी साफ. एकूण काढलं ०.१५ मिलिमीटर.

मी मुद्दाम विचारलं, थोडं जास्त काढलं तर काय होतं, पिकअप वाढतो म्हणतात. मिस्त्री हसले नाहीत. "जेवढं वाकडं हाय तेवढंच काढायचं. उद्या परत ह्येच हेड आलं माझ्याकडं, तवा काय काढू?"

त्यांचं बरोबर आहे, आणि हिशेबही सोपा आहे. बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२, म्हणजे एक सिलिंडर साधारण २६५ सीसीचा. ०.१५ काढल्यानं ज्वलनाची जागा फार तर अर्ध्या सीसीच्या आसपास कमी होते, गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. मिलिमीटरभर खाल्लं तर हाच आकडा साडेतीन सीसीच्या पुढं जाऊ शकतो. मग कॉम्प्रेशन वाढून पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चढाला टकटक सुरू होईल. शिवाय हेड जेवढं खाली येतं तेवढं कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, आणि बेल्टवरचं टायमिंग किंचित मागं जातं. "पिकअपसाठी जरा जास्त घ्या" असं सांगणारे सल्लागार गॅरेजोगणिक एक सापडतात. त्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

फिनिश उत्तम होता. नख आडवं फिरवलं तर कटरच्या कमानी डोळ्यांना दिसतात, पण नखाला अडकत नाहीत. मी नेलेलं गॅस्केट काँपोझिट होतं, त्याला एवढं पुरतं. पूर्ण स्टीलच्या थरांचं गॅस्केट लावणार असाल तर याहून गुळगुळीत फिनिश लागतो. म्हणून हेड देतानाच गॅस्केट दाखवा. ज्वलनकक्षाच्या धारदार झालेल्या कडाही त्यांनी हलक्या मोडून दिल्या. वॉल्व्हच्या सीटा कापून, वॉल्व्ह त्यांवर घोटून झाल्यावर गळती बघायला हेड उलटं ठेवून कक्षांत रॉकेल ओतून ठेवलं. एका एक्झॉस्ट वॉल्व्हखाली ओल दिसली, तो परत घोटला. हे मी सांगितलं नव्हतं.

निघताना त्यांनी एकच विचारलं: "ब्लॉकचं तोंड मापलासा काय?" बोअरिंगच्या वेळी ते मापलं होतं म्हणून ठीक. पण हेडवर हजारो रुपये घालून वाकड्या ब्लॉकवर बसवणारे लोक कमी नाहीत.

आता कापलेला मार्क. "उद्या संध्याकाळी" म्हणजे कोणता उद्या, हे या वर्क्समध्ये कुणाला ठाऊक नाही. फोन उचलतात, गोड बोलतात आणि हेड जिथं होतं तिथंच असतं. शिकणाऱ्यांचे क्लास मला पुढं ढकलावे लागले, आणि ते पैसे कुणी देत नाही. याहून गंभीर म्हणजे स्वच्छता. हेड चकाचक दिसत होतं, पण ऑइलच्या वाटेत बोट घातलं तर टोकाला अॅल्युमिनियमचा चुरा चमकला. हा चुरा तसाच राहिला असता तर नव्या ऑइलबरोबर कॅमच्या बेअरिंगांत पोचला असता. मी दाखवल्यावर त्यांनी मुकाट्यानं डिझेलनं धुऊन प्रत्येक भोकातून हवा मारली. तरीही घरी आम्ही पुन्हा धुतलंच. इतकं बारीक माप ठेवणाऱ्या माणसानं शेवटची दहा मिनिटं वाचवावीत, हे मला पटलं नाही.

बिल फेसिंग, प्रेशर टेस्ट, सीट आणि वॉल्व्ह मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. दराचा बोर्ड नाही, आधी विचारून घ्या. पावतीवर किती काढलं तो आकडा लिहून मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितला की लगेच लिहितात. पुढच्या वेळी हेड उघडेल तेव्हा तोच कागद कामाला येतो.

कॉमनरेल डिझेलवाल्यांनी मात्र आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. अशा कित्येक हेडांना कंपनी फेसिंगची मुभाच देत नाही, वाकलं की बदला म्हणते. मिस्त्रींनी माझ्यासमोरच असं एक हेड परत पाठवलं, आणि गिऱ्हाईक बाहेर बराच वेळ पुटपुटत होतं.

गाडी गल्लीत घालू नका, रिव्हर्स निघताना घाम फुटतो. मुख्य रस्त्यावर लावा आणि हेड चालत न्या. ८०० चं हेड दोघांत सहज उचलतं. खाली ठेवायची वेळ आली तर लाकडी फळी घ्या, फेस केलेली बाजू फरशीवर टेकवू नका.