बालमोरल टोपी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः मागच्या फितींविषयी

गडद निळ्या लोकरीची बालमोरल टोपी, म्हणजे स्कॉटलंडची पारंपरिक गोल, पसरट टोपी, मी नऊ महिन्यांपूर्वी एडिनबरात 46 पौंडांना, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपयांना घेतली. वरचा लाल गोंडा, डाव्या बाजूची काळी गाठ आणि मागे लोंबणाऱ्या दोन काळ्या फिती सर्वांच्या परिचयाच्या आहेत, म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. पर्यटकांच्या दुकानांत नारिंगी केसांचा टोप शिवलेली चौकटीची टोपी याच्या पाव किमतीत मिळते. ती थट्टेची वस्तू आहे आणि तिच्याशी तुलना करू नये.

पहिले दोन आठवडे मी ही टोपी उलटी घातली. बसथांब्यावर एका वृद्ध पाइपवादकाने न विचारता ती माझ्या डोक्यावर नीट बसवली: बिल्ला लावायची गाठ डाव्या कानशिलावर यावी आणि कापड उजवीकडे खाली ओढलेले असावे. त्यात पीस खोवण्याचा माझा विचारही त्यांनीच मोडून काढला. गरुडाची तीन पिसे स्कॉटिश कुळाच्या प्रमुखाची, दोन शाखाप्रमुखाची आणि एक स्वतःचे अधिकृत कुलचिन्ह असलेल्याची. इतरांनी पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळातला प्रमुखाचा बिल्ला लावावा, तोही त्या कुळाशी नाते असेल तरच. माझे तसले काही नाते नसल्यामुळे ती गाठ मी मोकळीच ठेवली आहे. ही गाठही निरुपद्रवी नव्हे: 1745 च्या उठावात पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याचे समर्थक, म्हणजे जॅकोबाइट, ती पांढऱ्या रंगाची लावत आणि राजाचे सैनिक काळ्या.

खरी तक्रार फितींची आहे. तिसऱ्या महिन्यात एडिनबरातल्या काल्टन हिल या टेकडीवर वाऱ्याने टोपी उडाली आणि उतारावरच्या झुडपात अडकली. घरी येऊन फिती ओढून पाहिल्या, तेव्हा कळले की त्या काठाच्या पट्टीला मागून नुसत्या टाचलेल्या आहेत आणि कितीही ओढल्या तरी पट्टी आवळत नाही. दुकानाला लिहिले असता फिती शोभेच्या आहेत असे उत्तर आले. याच उत्तराने मी चिडलो, कारण फितींचा जन्म शोभेसाठी झालेलाच नाही. स्ट्यूअर्टन आणि किल्मारनॉक येथील कारागीर निळी टोपी आधी डोक्यापेक्षा बरीच मोठी विणत आणि मग ओल्या लोकरीला कुटून, मळून ती आटवत; अशी टोपी प्रत्येक डोक्याला नेमकी बसणे शक्य नव्हते, म्हणून मागे आवळायची नाडी आली. सैन्याच्या टोप्यांवरील लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टीदेखील काठातील चिरांमधून ओवलेल्या फितीपासून आली असावी, असे एक मत आहे. पुढे 1932 मध्ये ग्लासगोचे पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यांनी त्याच चौकटी काळ्या-पांढऱ्या करून पोलिसांच्या टोप्यांवर आणल्या. ज्या नाडीपासून एवढा संसार उभा राहिला असे मानले जाते, ती माझ्या 46 पौंडांत टाके घालून मुकी करावी, हे मला पटत नाही.

मधल्या काळात टोपी परत करून ग्लेनगॅरी घ्यावी, असेही ठरवले होते. ती होडीच्या आकाराची, घडी घालून खिशात मावणारी आणि दिसायला रुबाबदार असते. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला त्या सुमारास ग्लेनगॅरीचा कुळप्रमुख मॅकडॉनेल याने ती प्रचारात आणली असे सांगतात. परंतु मित्राची ग्लेनगॅरी पावसात एक दिवस वापरल्यावर मत बदलले, कारण तिने कान झाकले जात नाहीत आणि डोळ्यांवर थेंब गळतात. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, खंदकांतील स्कॉटिश सैनिकांना तिच्याऐवजी खाकी रंगाची, पसरट टॅम ओ’शँटर का मिळाली, हे त्या एका दिवसात समजले. माझी बालमोरल मात्र तासभर पावसातही आतून कोरडी राहिली. वाळवताना ती हीटरवर न टाकता उपड्या स्टीलच्या पातेल्यावर ठेवतो, आणि आकार अजून जसाच्या तसा आहे. लोकरीबद्दल त्यामुळे माझी काही तक्रार नाही. फितींबद्दलची कायम आहे.

अखेर अस्तराचे टाके उसवून, फित सुरक्षापिनेने पट्टीच्या आतून फिरवून मागे बाहेर काढली. एक रविवार आणि पंचवीस पैशांचाही नसेल एवढा दोरा लागला. आता पट्टी आवळते, मागे छोटी गाठ बसते आणि काल्टन हिलवर दोनदा जाऊन आलो तरी टोपी जागची हललेली नाही. विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी दोन्ही फिती ओढून पाहाव्यात. पट्टी हलली नाही तर आपल्या मापाहून अर्धा सेंटीमीटर लहान टोपी मागावी. दुकानाने चौथ्या पत्रानंतर पुढील खरेदीवर 10 टक्के सवलतीचे कूपन पाठवले, त्यावर बारीक अक्षरांत लिहिले आहे की ते टोप्यांना लागू नाही.