दिवाळीची साडी: शहापुरातली की मोबाईलवरची?

दिवाळी आली की आमच्या बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते. गर्दी नको म्हणून गेल्या वर्षी सासूबाईंसाठी मोबाईलवरून साडी मागवली. फोटोत मोरपंखी, हातात आली ती भडक निळी. पोत तर प्लास्टिकसारखा. परत गेली खरी, पण तोवर पाडवा उलटून गेला.

बेळगावातल्याच शहापूर, वडगाव भागांत अजून साड्यांचे माग चालतात. तिथल्या दुकानात साडी उजेडात नेऊन बघता येते, पदर उलटा करून धागे तपासता येतात. "वैनी, हा रंग त्यांना खुलेल," असं सांगणारा माणूस समोर असतो. फॉल-पिको शेजारीच. पैसाही गावातच फिरतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मिक्सर घ्यायचा तर ऑनलाईन भाव जरूर बघा. मॉडेल तेच असतं. मात्र 'बिनव्याजी हप्ता' दिसला की थांबा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. प्रोसेसिंग फी किंवा बुडालेली रोख सूट यातून ते वसूल होतं. सही करण्याआधी रोखीचा भाव विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून काढा.