सॉल्टेअरच्या गिरणी-घरात एक हिवाळा काढल्यावर

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअरमध्ये भाड्याचं घर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. पूर्ण हिवाळा काढल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. टायटस सॉल्टनी आपल्या कापड गिरणीच्या कामगारांसाठी १८५१ पासून वसवलेलं हे गाव. आमचं घर साधं, खाली दोन खोल्या, वर दोन.

आधी ओलीबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. भिंती भरीव दगडाच्या, मध्ये पोकळी नाही. पावसाचं पाणी दगड पितो आणि चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, ते वाळून जातं. आमच्या मागच्या भिंतीच्या दरजा कुणीतरी सिमेंटने भरल्यात. तिथे पाणी अडकतं आणि आतला गिलावा सुटतो. पुढची भिंत अजून चुन्याची आहे, ती त्याच पावसात कोरडी! घर बघायला जाल तेव्हा आधी मागच्या गल्लीतून दरजा बघा, स्वयंपाकघर नंतर.

आतली वाफ ही दुसरी डोकेदुखी. कुकर लावला की खिडकी उघडायचीच, थंडी असली तरी. घरात कपडे वाळत घातले की कोपऱ्यात बुरशी आलीच. गल्लीत लटकणारे कपडे सॉल्टना खपत नसत, म्हणून त्यांनी सार्वजनिक धुलाईघर बांधलं होतं. ते आता नाही, आणि आमच्याकडे ओलावा शोषणारं यंत्र रात्रभर घरघरतं. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांतून वारा येतो. घरं संरक्षित यादीत असल्याने मनाला येईल तशा खिडक्या बदलता येत नाहीत. जाड पडदे लावा. हीटिंगचं बिल मात्र बोचतं.

जिना भयंकर उभा आहे. आई-बाबा येणार असतील तर विचार करा.

तरी घर सोडावंसं वाटत नाही. मागचं छोटं अंगण दुपारी उन्हात असतं. तिथे प्रत्येक घराला सुरुवातीपासून स्वतंत्र संडास होता. गिरणगावातल्या चाळीत मजल्याच्या टोकाला रांग लावलेल्यांना याची किंमत कळेल. समता मात्र नव्हती: मुकादमांची घरं मोठी, आणि कुठली कुणाची ते रस्त्यावरून आजही ओळखू येतं. गल्ल्यांना सॉल्टच्या मुलाबाळांची नावं. वास्तुविशारद लॉकवुड आणि मॉसन यांच्याही वाट्याला एकेक रस्ता आला. दारूचे गुत्ते सॉल्टनी गावात उघडू दिले नव्हते.

मागची भिंत चुन्याने पुन्हा भरून द्यायला घरमालक तयार झाले, तर करार वाढवणार. नाही म्हणाले तर याच गावात दुसरं घर बघू.