जॉर्जियातलं मतदान आणि मोजणी: ११,७७९ मतांच्या फरकाला पुरून उरलेली सेवा

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. आणि यातले बहुतेक स्टार मोजणीचे आहेत, मतदानाच्या दिवसाचे नाहीत. मी अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते, सिटिझन झाल्यापासून इथेच मत देते, आणि आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर निवडणुकीला तेच प्रश्न येतात, अर्ली व्होटिंगला (म्हणजे मतदानाच्या दिवसाआधीच जाऊन मत देण्याला) कुठेही गेलं तर चालतं का, हातात कागद मिळतो का, आपलं मत नक्की मोजतात ना, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. कोणाला मत द्यावं याबद्दल इथे एक अक्षरही नाहीये, फक्त सेवा कशी आहे तेवढंच.

मतदानाची सेवा चांगली की वाईट हे निकाल एकतर्फी लागतो तेव्हा कळतच नाही. पाच लाखांनी कोणी जिंकलं तर दोनशे मतं इकडची तिकडे झाली तरी कोण विचारतंय? २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मात्र जॉर्जियात जवळपास ५० लाख मतं पडली आणि बायडनना २४,७३,६३३, ट्रम्पना २४,६१,८५४, म्हणजे फरक ११,७७९ चा, पाव टक्काही नाही. १९९२ ला क्लिंटन जिंकले होते त्यानंतर हे राज्य डेमोक्रॅट पक्षाकडे गेलेलंच नव्हतं, आणि इथे १६ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) आहेत, त्यामुळे सगळ्या देशाची नजर आमच्यावर होती.

त्या आठवड्यात सांगलीहून काकांचा रोज फोन. "अगं काल तर ट्रम्प पुढे होता, रात्रीत असं काय झालं?" हा प्रश्न काकांनाच पडला होता असं नाही, इथल्या शिकल्यासवरलेल्या लोकांनाही पडला होता, म्हणून नीट सांगते. कोविडमुळे १३ लाखांच्या आसपास लोकांनी टपालाने मत दिलं होतं, ती पाकिटं उघडायची, सही जुळवायची, मग स्कॅन करायचं, याला वेळ लागतो आणि निकाल मतदान संपल्याशिवाय जाहीर करता येत नाही. शिवाय ट्रम्प महिनोनमहिने टपाली मतांवर विश्वास ठेवू नका म्हणत होते, त्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर जाऊन मत देणारे आणि बायडनचे बरेचसे टपालाने देणारे अशी वाटणी झाली होती. आधी एक ढीग मोजला, मग दुसरा, म्हणून आकडे फिरले. मंगळवारी ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि शुक्रवारी पहाटे क्लेटन काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) टपाली मतं आली तेव्हा बायडन पहिल्यांदा पुढे गेले. रात्रीत मतं बदलली वगैरे काही नाही, मोजायचा क्रम तसा होता.

आता या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फरक इतका कमी निघाल्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यात निवडणुकांचं काम बघणारे मुख्य अधिकारी) ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांनी ठरवलं की अध्यक्षपदाची सगळीच्या सगळी मतं हाताने मोजायची. कायद्यात नमुना तपासणीची सोय होती, पण फरक एवढा बारीक असला की नमुनाच प्रचंड मोठा घ्यावा लागतो, त्यापेक्षा सगळंच मोजलेलं बरं. १५९ काउंटी, ५० लाखांच्या आसपास कागद, आणि मुदत सहा दिवस. १३ नोव्हेंबरच्या शुक्रवारी सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी आपलं लक्ष्मीपूजन होतं, अटलांटा शहराच्या फुल्टन काउंटीची मोजणी तर त्याच शनिवारी वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये सुरू झाली. आमच्या काउंटीत लोकांना बघायला जागा ठेवली होती, मी सकाळी फराळाचे डबे पोचवून तिथे गेले आणि ठरवलं होतं त्यापेक्षा बराच वेळ थांबले.

एका टेबलावर दोन माणसं, तोंडाला मास्क. पहिला कागद उचलतो, नाव मोठ्याने वाचतो, दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा स्वतः बघून तेच नाव पुन्हा म्हणतो आणि त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवतो. ट्रम्प, बायडन, जॉर्गेन्सन (लिबर्टेरियन पक्षाच्या), कोरी मतं, सगळ्यांचे गठ्ठे वेगळे, आणि खूण स्पष्ट नसेल तो कागद बाजूला, त्याचा निर्णय करणाऱ्या पॅनेलवर दोन्ही पक्षांची माणसं. गठ्ठे मोजून आकडा फॉर्मवर, आणि टेबलांच्या मधून दोन्ही पक्षांचे निरीक्षक फिरतायत, बघायचं पण हात लावायचा नाही. बायडन, बायडन, ट्रम्प, बायडन, ट्रम्प, ट्रम्प... तासन् तास एवढंच. मला ते बघताना खरंच भरून आलं. कारण यात न समजण्यासारखं काही नाहीये, चौथीतल्या मुलालाही कळेल काय चाललंय ते, आणि निवडणुकीची मोजणी अशीच असावी असं माझं ठाम मत आहे.

हाताने मोजल्यावर फरक आला १२,२८४. मग कायद्याप्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर हरलेल्याला फेरमोजणी मागता येते, ती ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने मागितली, ती स्कॅनरवर झाली आणि शेवटचा अधिकृत आकडा ११,७७९. म्हणजे तीनदा मोजलं, तीनदा विजेता तोच. हातमोजणीत शेकड्याने इकडेतिकडे होतंच, माणसं मोजतायत, ५० लाखांत तेवढं मी चूक धरत नाही.

पण एक गोष्ट मात्र चूकच, आणि ती लपवायचं कारण नाही. हातमोजणी सुरू झाल्यावर फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून जास्त मतं सापडली जी पहिल्या मोजणीत आलीच नव्हती, फेएटमध्येही तेवढीच मोजणीतून राहून गेलेली, डग्लस आणि वॉल्टनमध्ये थोडी थोडी. कुठे कागद स्कॅनच केले नव्हते, कुठे मेमरी कार्ड अपलोड व्हायचं राहिलं. त्यात ट्रम्पची मतं जास्त होती, म्हणून सुरुवातीचा १४ हजारांचा फरक खाली आला. हजारो लोकांनी रांगेत उभं राहून दिलेली मतं पहिल्या निकालात नव्हती, हे कुठल्याही सेवेला शोभत नाही. ती सापडली ती कागद होता म्हणून आणि कोणीतरी परत मोजायला बसलं म्हणून.

इथे भारताचा विषय येणारच. काका दर वेळी ईव्हीएमवर येतात, २०२४ च्या विधानसभेनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि पोलिसांनी ते होऊ दिलं नाही, ते तर सगळ्यांनी वाचलंय. मला ईव्हीएममध्ये घोटाळा आहे असं म्हणायचं नाहीये. पण आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाचच केंद्रांच्या मोजतात, आणि जॉर्जियाने एका निवडणुकीचे सगळे कागद मोजून दाखवले. लोकांच्या मनातली शंका बोलून जात नाही, मोजून जाते.

आता प्रत्यक्ष मतदान कसं असतं ते. अर्ली व्होटिंग साधारण तीन आठवडे चालतं आणि त्या काळात आपल्या काउंटीतल्या कुठल्याही अर्ली केंद्रावर जाता येतं, मतदानाच्या दिवशी मात्र नेमून दिलेल्या केंद्रावरच, सकाळी सात ते संध्याकाळी सात. फॉर्म भरा, फोटो आयडी दाखवा (जॉर्जियाचं लायसन्स एक्स्पायर झालेलं असलं तरी चालतं), टॅबलेटवर सही, एक कार्ड मिळतं, ते टचस्क्रीनच्या यंत्रात घालायचं. सगळं निवडून झालं की शेजारचा प्रिंटर कागद देतो, त्यावर आपण कोणाकोणाला मत दिलं त्याची यादी आणि वर एक क्यूआर कोड. तो कागद आपल्या हाताने स्कॅनरमध्ये घालायचा, तो खालच्या पेटीत पडतो. मग पीचचं चित्र असलेलं स्टिकर मिळतं आणि पोरं लगेच ते स्वतःच्या शर्टवर लावून घेतात.

तो कागद नीट वाचा, ही कळकळीची विनंती. अक्षर बारीक असतं आणि मागे रांग असते म्हणून लोक तसाच स्कॅनरमध्ये सारतात. तुम्ही वाचला नाही तर त्या कागदाचा अर्धा उपयोग गेला, कारण नंतर हाताने मोजायची वेळ आली तर मोजणारे तेच वाचणार आहेत.

माझी सगळ्यात मोठी तक्रार क्यूआर कोडची. मी यादी वाचते, स्कॅनर कोड वाचतो, आणि त्या कोडमध्ये काय आहे ते मला डोळ्यांनी कळत नाही. ही यंत्रं २०१९ मध्ये घेतली, १० कोटी डॉलरच्या वर खर्च करून, त्याआधीच्या यंत्रांना तर कागदच नव्हता, त्यामुळे पुढचं पाऊल होतं हे मान्य. पण मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हॉल्डरमन यांनी २०२४ च्या जानेवारीत फेडरल कोर्टात हे यंत्र समोर ठेवून त्यात शिरता येतं ते करून दाखवलं. २०२० मध्ये असं काही झाल्याचा पुरावा नाही, हातमोजणीत लोकांनी कोड नाही, छापलेली नावं वाचली आणि निकाल जुळला. तरीसुद्धा जे मोजलं जातं ते मतदाराला वाचता आलंच पाहिजे. २०२४ च्या कायद्याने क्यूआरवरून मोजणं बंद करायचं ठरवलं ते बरोबरच आहे, फक्त तारीख ठरवली तेव्हाच त्यासाठी पैसेही द्यायला हवे होते.

दुसरी तक्रार रांगांची. नवीन यंत्रं आली तेव्हा जून २०२० च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) आणि मग १२ ऑक्टोबरला अर्ली व्होटिंगच्या पहिल्या दिवशी काही केंद्रांवर लोक आठ-आठ तास उभे होते. वयस्कर माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली. त्यानंतर २०२१ ला एसबी २०२ नावाचा राज्याचा कायदा आला आणि रांगेतल्या लोकांना पाणी किंवा खायला देणं गुन्हा ठरवलं, केंद्राच्या इमारतीपासून दीडशे फुटांच्या आत तरी. खायला देऊन मत फिरवतील ही भीती मला समजते, पण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची बाटली देणं गुन्हा कसा काय? मला हे अजिबात पटलेलं नाही आणि कापलेला स्टार यासाठीच आहे. याच कायद्याने टपाली मतं स्वतः नेऊन टाकायच्या पेट्या, म्हणजे ड्रॉप बॉक्सही कमी केले आणि केंद्राच्या आत, केंद्राच्या वेळेतच उघडे ठेवले, मग कामावरून रात्री सुटणाऱ्याला त्याचा काय उपयोग? टपाली मतासाठी सहीऐवजी लायसन्स नंबर लागतो, ते मात्र मला बरं वाटलं, सही दर वेळी तशीच येत नाही.

माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, ट्रम्पनाच मत दिलेले, आणि २ जानेवारी २०२१ ला अध्यक्ष फोनवर तासभर त्यांना सांगत होते की मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत, म्हणजे फरकापेक्षा एक जास्त. रॅफेन्सपर्गर नाही म्हणाले, तुमची माहिती चुकीची आहे म्हणाले. आणि फुल्टन काउंटीत मोजणीला बसलेल्या रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस, ह्या मायलेकींवर मोजणी जिथे चालली होती त्या स्टेट फार्म अरीनातल्या व्हिडिओचा तुकडा दाखवून बनावट मतं मोजल्याचा आरोप केला गेला, धमक्या आल्या, रूबी यांना घर सोडून राहावं लागलं. चौकशीत काही निघालं नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने हे आरोप करणाऱ्या ट्रम्प यांच्या वकिलांना, रुडी जुलियानींना, १४.८ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. पण या दोघींचं जे गेलं ते परत येत नाही. ही सेवा अशा पगार थोडा आणि तास भरपूर असलेल्या लोकांवर चालते, केंद्रावर गेलात तर त्यांच्याशी नीट बोला.

२०२४ ला ट्रम्प इथे १ लाख १५ हजारांच्या आसपास फरकाने जिंकले, ४० लाखांवर लोकांनी आधीच मत दिलेलं होतं, मोजणीही पटकन झाली. मतदानाच्या दिवशी फुल्टनमध्ये बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे ईमेल आले, काही केंद्रांची वेळ वाढवून दिली, पण मतदान पार पडलं. सेवा तीच, यंत्रं तीच, फक्त या वेळी कोणी घोटाळा म्हणालं नाही.

आपल्या लोकांसाठी कामाचं. सिटिझन झालात की आधी ड्रायव्हर सर्व्हिसेसच्या ऑफिसात जाऊन लायसन्स बदलून घ्या, कारण जुन्या रेकॉर्डवर तुम्ही नॉन-सिटिझनच असता आणि नोंदणी तिथेच अडकू शकते, मग नागरिकत्वाचा कागद घेऊन धावपळ. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव, सगळं लायसन्सवर आहे तसंच फॉर्मवर लिहा, २०१८ ला असल्या न जुळण्यावरून हजारो नोंदण्या पेंडिंग पडल्या होत्या. राज्याच्या माय व्होटर पेजवर आपलं स्टेटस, केंद्र, नमुना मतपत्रिका सगळं दिसतं, टपालाने दिलंत तर मत पोचलं का, स्वीकारलं का याचा मेसेजही येतो. नोंदणी मतदानाच्या महिनाभर आधी बंद होते, त्यामुळे ऑक्टोबरची वाट बघू नका, सप्टेंबरमध्येच तपासून घ्या.