विदर्भ आवृत्तीचा ई-पेपर, फक्त जंगलाच्या बातम्यांसाठी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ठिकाण आणि घटना कळायला पैसे वसूल. आकड्यांसाठी मात्र विसंबू नका.

भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. जंगल १,४४५ चौ.किमी वाढलं, असं वाचून लोक खूश. ती बेरीज वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून होती. नुसतं वनाच्छादन वाढलं १५६ चौ.किमी. त्यातही एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि १० टक्के भागावर झाडांच्या फांद्यांचं छत्र असलं की आमराईसुद्धा वनाच्छादनात धरतात. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे उपग्रह बघत नाही.

वणव्यांचंही तेच. फेब्रुवारीपासून जे आकडे छापतात ते उपग्रहाला दिसलेले उष्णतेचे ठिपके असतात, वणवे नव्हेत. एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा, त्यामुळे एक मोठा वणवा अनेकदा मोजला जातो आणि पाल्यातून सरपटणारी छोटी आग सुटून जाते. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, हे कारण जिल्हा पानावरचा वार्ताहर लिहितो. पहिल्या पानावर ‘अज्ञात इसम’.

वृक्षलागवडीचा आकडा स्वतः ताडून बघा. ३ × ३ मीटर अंतर धरलं तर हेक्टरी १,१११ रोपं, म्हणजे लाखभर रोपांना ९० हेक्टर लागतात. बातमीत जागेचा उल्लेखच नसेल तर पुढच्या मे महिन्यात जगलेली रोपं कुठे मोजणार?

वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करण्याला ‘मंजुरी’ मिळाली असं छापलं की ती बहुतेकदा तत्त्वतः, पहिल्या टप्प्याची असते. अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मान्यता येते, तिची बातमी क्वचितच. परिवेश या सरकारच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर प्रस्ताव क्रमांक टाकून टप्पा बघावा.

खरा उपयोग जाहिरातींचा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. पर्यावरण मंजुरी मिळाल्याचीही जाहिरात येते, आणि तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत मूळ ३० दिवसांचीच. पण या जाहिराती चित्ररूपात असतात, ई-पेपरच्या शोधात सापडत नाहीत. आतली पानं रोज स्वतः चाळावी लागतात, निविदांच्या गर्दीतली बारीक अक्षरं मोठी करून.