यंत्राच्या किमतीआधी पानाचा खर्च पाहा: एप्सन एल ३२५०

लालबागला माझ्या घरीच दहावीचे गणिताचे वर्ग चालतात. सराव प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि पालकांना द्यायच्या सूचना मिळून महिन्याला सहाशेच्या आसपास पाने छापावी लागतात. आधीचा कार्ट्रिजचा प्रिंटर स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. पण साडेआठशे रुपयांचे काळे कार्ट्रिज दोनशे पानांतच संपू लागले, म्हणजे कागद सोडून नुसत्या शाईपोटी पानामागे सव्वाचार रुपये जात होते. महिन्याला तीन कार्ट्रिज घेणे मला परवडेना.

मग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेले आणि प्रत्येक दुकानात यंत्राच्या किमतीआधी एकच गोष्ट विचारली: शाईची बाटली केवढ्याला आणि तिच्यात पाने किती? त्या हिशेबात एप्सनचा शाईच्या टाकीचा एल ३२५० बसला. त्याच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईच्या ६५ मिलिलीटरच्या बाटलीत ४,५०० पाने निघतात, असे कंपनी सांगते. बाटली चारशे रुपयांना धरली, तर पानाला नऊ पैसे पडतात. अर्थात हा आकडा साध्या मजकुराच्या पानांचा आहे; भूमितीच्या आकृत्यांना शाई जास्त लागते, म्हणून मी पंधरा पैसे धरते. शिवाय पहिल्यांदा टाक्या भरताना बरीचशी शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिल्या बाटल्यांवरून पुढचा हिशेब मांडू नये.

छपाई, स्कॅन आणि प्रत काढणे ही तिन्ही कामे होतात आणि वायफायमुळे मोबाइलवरूनही छापता येते. दोन्ही बाजूंनी छापण्यासाठी मात्र कागद हाताने उलटावा लागतो. ज्यांच्या कार्यालयात मोठे अहवाल निघतात, त्यांनी आपोआप पान उलटणारे मॉडेल पाहावे.

शाईच्या प्रिंटरची खरी काळजी तो वापरात नसताना घ्यावी लागते. आपल्याकडे काम झाले की थेट बोर्डावरचे बटण बंद करण्याची सवय असते, आणि ती इथे महागात पडते. प्रिंटरवरचे बटण दाबून तो बंद केला, तर कागदावर शाई सोडणारे हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते. मध्येच वीज तोडली, तर ते उघडे राहून त्याची छिद्रे सुकतात. ती मोकळी करण्यासाठी हेड क्लीनिंग करावे, तर दर वेळी शाई वाया जाते. पावसाळ्यात कागदाची रीम मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालते, कारण दमट हवेत कडा वळलेला कागद अडकतो.

ज्यांना महिन्यातून दोन-चारच पाने लागतात, त्यांनी शाईऐवजी साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा. त्याची टोनरची पूड सुकत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

मे महिन्यात वर्ग बंद असतात, तेव्हा दर रविवारी मी नोझल चेकचे, म्हणजे हेडची छिद्रे मोकळी आहेत का ते दाखवणारे, एक पान काढते. चारही रंगांच्या बारीक रेघा कुठेही न तुटता उमटल्या की प्रिंटरवरचे बटण दाबते, दिवा विझेपर्यंत थांबते आणि मगच बोर्डावरचे बटण बंद करते.